दुखत नाही, म्हणूनच



मघाशी सभागृहात शिरताना दाराशीच एका आजींच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तोंडभरून आशीर्वाद दिला. आपल्याकडे हे किती सहज घडतं! आईवडिलांच्या पाया पडतो, गुरुजींच्या पडतो, पंढरीला गेलो की विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो. आयुष्यभरात आपण किती पायांपुढे वाकतो. पण मला सांगा, त्यांतल्या किती पायांचे तळवे आपण पाहिलेत?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. माझी आत्या सांगलीला राहायची. घरी शिवणकाम करायची. मधुमेह जुना, वीस वर्षांचा. मी डॉक्टर झाले, सुट्टीत तिच्याकडे गेले की वाकून नमस्कार करायचे. साखर किती आली, गोळ्या वेळेवर घेतेस ना, सगळं विचारायचे. पायांचं विचारलं की ती म्हणायची, “पायांचं काही नाही गं बाई, तिथं काही दुखत नाही.” ते ऐकून मला हायसं वाटायचं.

एके दिवशी तिच्या सुनेला फरशीवर ओले डाग दिसले, पावलांच्या अंतरानं पडलेले. डाव्या पायाच्या चवड्याखाली जखम होती. एक्स-रे काढला तेव्हा आत शिवणाची तुटलेली सुई दिसली. ती पायात घेऊन माझी आत्या किती दिवस घरभर वावरत होती, हे तिलाच सांगता येईना. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय गेला. इतकी वर्षं मी तिच्या पाया पडत होते, पण तिचा पाय मी एकदाही उचलून पाहिला नव्हता.

“तिथं काही दुखत नाही.” आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती आहे. ज्या वाक्यानं मला हायसं वाटलं, त्याच वाक्यानं मी दचकायला हवं होतं. मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, वेदना आपल्यासाठी काय करते आणि हे आपल्याला कोणी शिकवलं. दुसरी, मधुमेह झालेल्या पायात काय घडतं. तिसरी, वेदना निघून गेली तर तिची जागा कोणी घ्यायची.

पहिली गोष्ट सांगायला दूर जावं लागत नाही. इथून, चेन्नईहून, जीएसटी रोडनं दक्षिणेला निघालात की साठेक किलोमीटरवर चेंगलपट्टू लागतं. तिथे लेडी विलिंग्डन यांच्या नावाचं कुष्ठनिवास होतं. आज तिथे केंद्र सरकारची कुष्ठरोग संशोधन संस्था आहे. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचा एक तरुण शल्यचिकित्सक रुजू झाला. जन्मानं इंग्रज घरातला, पण जन्म झाला तो आपल्या तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, १९१४ साली. कुष्ठरोगाचे जाणकार रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्याला चेंगलपट्टूला नेलं आणि तिथले रुग्ण दाखवले. बोटं झडलेली, पाय आखडलेले, तळव्यांना भोकं पडलेली माणसं.

त्या काळी सगळे काय मानत होते? या रोगात मांस आपोआप सडतं, बोटं आपोआप गळतात, त्यावर इलाज नाही. ब्रँडनं एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितलं. वाकड्या बोटांचा तो हात. ब्रँडला वाटलं, यात काय जोर असणार! त्या माणसानं असा दाबला की ब्रँड कळवळला. हातात ताकद होती, स्नायू जिवंत होते. मग बिघडलं होतं काय?

उत्तर हळूहळू सापडत गेलं. एकदा एका कोठीचं गंजलेलं कुलूप ब्रँडला उघडेना. एक मुलगा पुढे आला, त्यानं किल्ली झटक्यात फिरवली. कुलूप उघडलं आणि जमिनीवर रक्ताचे थेंब पडले. किल्लीनं त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्या मुलाला पत्ताच नव्हता! आणखी एक गोष्ट. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होऊ लागले. कसे, ते कोणाला समजेना. शेवटी रात्री पहारा ठेवला, तेव्हा दिसलं की झोपलेल्या माणसाचं बोट उंदीर कुरतडतो आहे. बधिर बोट. झोप मोडायला कारणच नव्हतं. पुढे त्या रुग्णांच्या खोल्यांत मांजरं पाळली गेली.

मांस सडत नव्हतं, मित्रहो. रोगानं नसा मारल्या होत्या आणि नसांबरोबर वेदना गेली होती. घरावरचा पहारेकरी उठून गेला होता, आणि मग ज्याला हवं तो आत येत होता. किल्ली, खिळा, निखारा, उंदीर.

आता तुम्हाला एक विचारते. तुम्ही गेली दहा मिनिटं या खुर्च्यांवर बसला आहात. या दहा मिनिटांत किती वेळा सरकून बसलात? कितीदा पायावरचा पाय बदललात? आठवत नाही ना? कारण कोणी हाक मारून सांगितलंच नाही. वेदना फक्त ओरडते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती दिवसभर कुजबुजत असते: इथला भार जरा तिकडे घे, हा पाय जरा विसावू दे. बूट चावला की आपण नकळत लंगडतो, पाऊल वेगळं टाकतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. दिवसभरातली सगळी पावलं त्याच एका जागेवर, त्याच भारानं पडत राहतात. आधी ती जागा गरम होते, मग लाल होते, मग फुटते. ब्रँडनं पुढची कित्येक वर्षं हेच मोजलं. मोठा घाव दिसतो तरी. पाय बहुधा हळू आणि पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबानं जातो.

याच ब्रँडला एकदा अमेरिकेहून परतताना लंडनच्या मुक्कामात आपल्या टाचेला स्पर्श कळेनासा झाला. टाचणी टोचली, काही नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, असं समजून त्यानं सगळी रात्र जागून काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ आली! त्या कळेनं त्याला जो आनंद झाला तो त्यानं स्वतः लिहून ठेवला आहे. वेदनेचे आभार मानणारा माणूस आपण कधी पाहिला आहे का?

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. तुम्ही म्हणाल, कुष्ठरोगाचं आम्हाला काय? इथे कोणाला कुष्ठरोग आहे? पण इथे मधुमेह किती जणांना आहे, हे मी हात वर करायला न सांगताही सांगू शकते. २०२३ साली इथल्या, चेन्नईच्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्या गोव्यात तर प्रौढांमध्ये शंभरात सव्वीसहून अधिक जणांना, देशात सगळ्यांत जास्त. आणि मधुमेह असलेल्यांपैकी पाचात एकाला, कदाचित तिघांत एकाला, आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक पायांची सुरुवात अशा एखाद्या लहान जखमेनं झालेली असते. लहान जखमेनं! म्हणजे तोवर वेळ होती.

रक्तातली जास्तीची साखर नसांना बाधते, आणि सगळ्यांत लांब नसा सगळ्यांत आधी. पायाची बोटं सर्वांत लांब, म्हणून सुरुवात तिथून. आधी मुंग्या येतात, रात्री जळजळ होते. मग हळूहळू शांत होतं. इथले रुग्ण तमिळमध्ये म्हणतात, “काल मरत्तुप् पोच्चु”, पाय बधिर झाला. ‘मरम्’ म्हणजे झाड, लाकूड. त्या शब्दात मला पायाचं लाकूड होणं ऐकू येतं. मराठी रुग्ण म्हणतात, “कापसावर चालल्यासारखं वाटतं, डॉक्टर.” जळजळ थांबली की घरच्यांना वाटतं, औषध लागू पडलं. खरं तर काही वेळा नस पुरती गेलेली असते.

नसा तीन तऱ्हेनं जातात. स्पर्शाच्या गेल्या की पहारा जातो. स्नायूंच्या गेल्या की बोटं आखडतात, आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिथे घट्टे पडतात आणि घट्ट्याच्या आत जखम दडते. घामाच्या गेल्या की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात, आणि त्या भेगा जंतूंच्या दारासारख्या उघड्या राहतात. त्यात पायाचा रक्तपुरवठा कमी असला की जखम भरतच नाही. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की ओसरतो, असं होत असेल तर रक्तवाहिन्या तपासून घ्या. तंबाखू, विडी, सिगारेट घेत असाल, तर पायासाठी तरी ती आजच सोडा.

आता सांगते ती गोष्ट माझ्या मनाला फार लागते. मधुमेहाच्या पायासाठी आज आपण जे काही करतो, त्यातलं बरंचसं कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेलं आहे. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेला, तेव्हा इथली एक पद्धत घेऊन गेला: जखमी पायाला तळव्याशी नीट बसेल असं प्लास्टर घालायचं, म्हणजे भार साऱ्या पावलावर विभागला जातो आणि जखम भरते. आज जगभर मधुमेहाच्या पायासाठी ते प्लास्टर वापरतात. तुमचे डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून “कळतंय का?” विचारतात ना? वाकताना तो तंतू दहा ग्रॅमचा दाब देतो. त्याची कसोटी १९८६ साली कार्व्हिलच्या मंडळींनी कुष्ठरोगी आणि मधुमेही अशा दोघांच्या पायांवर ठरवली. आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या ज्या चपला आज मधुमेहींना देतात, त्या वेल्लोर आणि त्याजवळच्या करिगिरीला कुष्ठरोग्यांसाठी घडल्या. त्या चपलांत खिळा मारायचा नाही असा दंडक, कारण खिळा वर आला तर ज्याला टोचायचा त्याला टोचणारच नाही.

आपण मराठी माणसं दत्तपूरला, तपोवनाला, आनंदवनाला ओळखतो. मनोहर दिवाण, शिवाजीराव पटवर्धन, बाबा आमटे ही नावं आपण आदरानं घेतो. पण त्या माणसांनी ज्या कुष्ठरुग्णांना जवळ केलं, त्यांना आपल्यातल्या किती घरांनी उंबरा ओलांडू दिला? ज्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या झिजलेल्या पायांनी आज आपल्या आईवडिलांचे पाय वाचत आहेत. हे ऋण आहे. निदान त्याची जाणीव तरी आपण ठेवली पाहिजे.

तिसरी गोष्ट. पहारेकरी गेला, तो परत येणार नाही. मग पहारा कोणी द्यायचा? डोळ्यांनी द्यायचा, हातांनी द्यायचा. आणि तो एकट्यानं नाही, घरानं द्यायचा. मधुमेहात नजरही अधू होते, वयानं कंबर वाकत नाही. ज्याचा पाय, त्यालाच आपला तळवा दिसत नाही. सून, मुलगा, नातू, कोणीतरी खाली बसलं पाहिजे.

रोज रात्री, उजेडात, पाच मिनिटं. तळवे पाहा, टाचा पाहा, बोटांच्या बेचक्या उघडून पाहा. चेन्नईच्या दमट हवेत तिथे चिखल्या होतात, आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालल्यावर तर हमखास. हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर तो काहीतरी सांगतो आहे. घरात कोणी पाहणारं नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. आणि लिहून ठेवा. तंजावरच्या सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. आपल्या खिशात तर फोन आहे. महिन्यातून एकदा तळव्यांचा फोटो काढून ठेवायला काय लागतं?

स्पर्श आहे की गेला, हेही घरी पाहता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी सोपी रीत सांगितली आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, या सहा टोकांना आपल्या तर्जनीनं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहांतले दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर तो पाय धोक्यातला समजून डॉक्टरांना दाखवा. आणि सहाही कळले तरी वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्याच. बधिरपणा असेल तर सहा महिन्यांनी किंवा आधी. जखम एकदा होऊन भरली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

आता वहाणांबद्दल. कोल्हापुरी आपला अभिमान आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण बधिर पायाला ती घालू नका. अंगठ्याची पट्टी बेचक्यात घासते ते कळत नाही, आणि मागे बंद नसल्यानं चप्पल निसटते तेही कळत नाही. रबरी स्लिपरचंही तसंच. मागे पट्टा हवा, पुढे बोटांना ऐसपैस जागा हवी, तळ आतून मऊ आणि खालून टणक हवा. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पाऊल कागदावर ठेवून आखून न्या. घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटी करून झटका, आत हात फिरवा. खडा, चिंचोका, मुलाचं खेळणं, काहीही निघतं. मोजे फिकट रंगाचे घाला, म्हणजे रक्ताचा डाग लपत नाही.

आणि अनवाणी चालू नका, घरातसुद्धा नको. मला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं नाही. आपल्याकडे चप्पल दाराबाहेर राहते. तर घरात वापरायची वेगळी जोडी ठेवा, ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. देवळाचं काय? मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, मैलापूरच्या देवळाच्या अंगणातला दगड दुपारी तव्यासारखा तापतो. दरवर्षी त्या दिवसांत तळवे भाजलेली माणसं माझ्याकडे येतात. फोड पाहून त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं. पहाटे जा, दिवेलागणीला जा. देव तेव्हाही तिथेच असतो.

काही गोष्टी टाळायच्याच. गरम पाण्याची पिशवी नको, शेक नको, पाय कढत पाण्यात बुडवून बसणं नको. पाण्यात आधी कोपर घालून पाहा. कुरूप ब्लेडनं कापायचं नाही, त्यावर औषधी पट्टी चिकटवायची नाही, त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. नखं सरळ कापा, कोपरे खोल खणू नका. आंघोळीनंतर बेचक्या कोरड्या करा. टाचांना खोबरेल तेल लावा, बेचक्यांत मात्र नको.

आणि धावत कधी जायचं? जखम झाली, तिला वास आला, पाय लाल झाला, ताप आला, बोट काळं पडलं, तर त्याच दिवशी. आणि एक वेगळा इशारा. पाय सुजलेला, लाल, गरम, पण जखम नाही आणि फारसं दुखतही नाही, तर घरी मुरगळला म्हणून तेल चोळत बसू नका. आतली हाडं मोडत असू शकतात. त्या पायावर भार देणं तिथल्या तिथे थांबवा आणि दवाखाना गाठा.

हे सगळं एकट्या डॉक्टरचं काम नाही, हे आग्रहानं मांडणाऱ्यांत नागपूरचे डॉ. शरद पेंडसे होते. २००३ च्या सुमारास भारत आणि टांझानियात ‘स्टेप बाय स्टेप’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टरबरोबर परिचारिकेलाही शिकवायचं, दोघांनी जोडीनं काम करायचं आणि ती विद्या आपल्या गावी न्यायची. इथे रॉयापुरमला मधुमेहाचं स्वतंत्र रुग्णालय आहे, १९५४ साली स्थापन झालेलं. तिथल्या अनुभवातून दिसलं की नीट शिकवलं, योग्य पादत्राण दिलं आणि रुग्णानं सांगितलेलं पाळलं, तर जखमा लवकर भरतात आणि नव्या कमी होतात. ऑगस्ट २०२१ पासून राज्य सरकारच्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ योजनेत मधुमेहाची औषधं घरपोच मिळतात. पायांसाठी ‘पादम् पादुकाप्पोम्’ नावाची योजनाही सरकारनं आखली आहे. तमिळमध्ये पादुकाप्पु म्हणजे संरक्षण. शब्दांचं मूळ एक असो नसो, आपल्या मराठी कानाला त्यात पादुका ऐकू येते, आणि पादुकेचं पहिलं काम संरक्षणच नाही का?

तर थोडक्यात पुन्हा सांगते. वेदना हा पहारेकरी आहे. मधुमेहात तो न सांगता निघून जातो. तो गेला आहे का, हे तपासा. गेला असेल तर रोज पाहा, योग्य वहाण घाला, अनवाणी चालू नका आणि वेळेवर दवाखान्यात जा.

शेवटी एक. आपल्या घरांत काशाची वाटी असायची. संध्याकाळी कोणीतरी खाली बसायचं, आजीचा पाय मांडीवर घ्यायचं, तळव्याला तूप लावून वाटी फिरवायचं. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसं वारकऱ्यांचे पाय असेच हातात घेतात. पाय मांडीवर घेतला की तळवा दिसतोच. माझ्या आत्याचा पाय मी असा एकदाच घेतला असता, तर ती जखम वेळेवर दिसली असती. आज घरी गेल्यावर तुम्ही आईच्या, सासूच्या, वडिलांच्या पाया पडाल. पडाच. पण लगेच उठू नका. तिथेच बसा, त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि उजेडात तळवा पाहा. ते म्हणतील, “तिथं काही दुखत नाही.”

त्यांना सांगा, म्हणूनच.